दाजींनी आणलेलं हिरवं अरबी अत्तर लावायचं कसं?

प्रश्न: दाजींनी शारजाहून ६ मिलीची अत्तराची बाटली आणली. बिनअल्कोहोलचं दाट तेल आहे. लावलं की आधी कापलेल्या गवताचा, कच्च्या ढोबळी मिरचीचा वास येतो आणि मग लाकूड, मुळं, ओली माती. मला फार आवडलं. पण अर्ध्या तासात वास जातो, म्हणून मी परत लावतो. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या मॅडम म्हणतात की त्यांचं डोकं दुखतं. पांढऱ्या शर्टाच्या कॉलरला पिवळट डागही पडलाय. तेल भेसळीचं आहे का? किती, कुठं आणि कोणत्या दिवसांत लावावं?

उत्तर:

भेसळीचं नंतर बघू. तुमच्याच लिहिण्यात दोन गोष्टी शेजारी शेजारी आल्यात: तुम्हाला अर्ध्या तासानं वास येत नाही आणि शेजारच्या टेबलावर डोकं दुखतं. म्हणजे वास गेलेला नाही, तुमचं नाक त्याला सरावलंय. एकच वास सतत येत राहिला की नाक त्याची दखल घेणं सोडतं. मी दिवसभर अत्तराच्या बाटल्यांमध्ये बसतो आणि मला दुकानाचा वास येत नाही. गिऱ्हाईक मात्र पायरीवरच थांबून दीर्घ श्वास घेतं. बाहेर जाऊन चहा पिऊन आलो की मलाही क्षणभर येतो. तुम्ही हेच करून बघा. अर्ध्या तासानं बाटलीला हात न लावता गच्चीवर किंवा रस्त्यावर पाच-दहा मिनिटं फिरून या आणि मग शर्टात नाक घाला. तरी खात्री पटेना तर घरच्यांना विचारा. ज्याला वास येत नाही त्याच्या नाकावर विसंबून दुसरा हात मारायचा नसतो.

यात आणखी एक भानगड आहे. आजच्या अरबी तेलांतला लाकडी भाग बऱ्याचदा नुसत्या लाकडाचा नसतो. त्यात आयसो ई सुपरसारखी प्रयोगशाळेत बनलेली द्रव्यं असतात, देवदाराच्या अंगानं जाणारी, मऊ. त्यांचा वास काहींना येतो, काहींना येतच नाही, आणि काहींना मधेच येतो मधेच जातो. कस्तुरीच्या कृत्रिम वासांचंही तसंच. एकाच बाटलीबद्दल नवरा म्हणतो काही दम नाही आणि बायको म्हणते खोलीत थांबवत नाही, असं जोडपं माझ्याकडं नेहमी येतं. दोघंही खरं बोलत असतात.

आता तुमच्या बाटलीत काय असावं ते बघू. अरबी लोक अशा मिश्रणाला मुखल्लत म्हणतात. एकाच फुलाचं किंवा मुळाचं अत्तर नव्हे, अनेक तेलं मिळून केलेला मेळ. ढोबळी मिरचीचा वास तुम्ही अचूक पकडलात. गालबानम नावाचा एक डिंक आहे, इराणकडचा, आपल्या हिंगाच्याच जातकुळीतल्या झुडपाचा. ढोबळी मिरचीला तिचा वास देणारं पायराझिन गटातलं एक द्रव्य या डिंकातही असतं. पाण्यात ते लिटरला दोन-तीन नॅनोग्रॅम असलं तरी माणसाला वास येतो, इतकं ते तिखट. गालबानम खरा असो की त्याची नक्कल, हिरव्या अत्तरात तो थेंबभर घातला तरी पुढं येतो. कापलेल्या गवताचा वास दुसऱ्याच द्रव्याचा. पान चुरगळलं की झाडातून जे सुटतं, तेच बाटलीत घातलेलं असतं. त्याचे रेणू हलके असतात, त्यामुळं अंगाच्या उबेनं ते वीस-पंचवीस मिनिटांत उडून जातात. मागं उरतात वाळा, देवदार, पाचोळी, नागरमोथा, चंदन, जमलं तर थोडा ऊद, म्हणजे अगराच्या लाकडाचं तेल. यांचे रेणू जड, उठायला वेळ घेतात आणि जायलाही.

म्हणून हिरवा वास हा या तेलाचा पहिला अर्धा तास आहे, मुळात तेल लाकडी वासाचं आहे. तुम्ही परत परत लावता ते त्या पहिल्या अर्ध्या तासासाठी. पण प्रत्येक वेळी हिरवं उडून जातं आणि लाकूड मागच्या लाकडावर चढतं. दुपारपर्यंत तुमच्या अंगावर तीन थर जमलेले असतात. मॅडमचं डोकं त्या तिसऱ्या थरानं दुखतंय. अर्धशिशीवाल्या माणसाला तर एवढंही लागत नाही, उग्र वासानंच त्याचा झटका सुरू होऊ शकतो. त्यांची तक्रार मनावर घ्या, नाजूक नाक म्हणून सोडून देऊ नका.

स्प्रेची सवय असलेल्यांचा इथंच घोटाळा होतो. स्प्रेतलं अल्कोहोल अंगावर पडलं की उडतं आणि जाताना वास चारी बाजूंना फेकतं. त्यामुळं लावताक्षणी खोली भरते आणि माणसाला वाटतं, हा खरा वास. तेलात फेकणारं कुणी नाही. ते अंगाला धरून राहतं, ऊब मिळेल तसं हळूहळू उठतं. पहिल्या मिनिटाला वास कमी वाटला म्हणून तेल वाढवलं की तासाभरानं तेच अंगावर येतं.

किती लावायचं? बाटलीच्या टोपणाला काचेची काडी असेल तर ती बाटलीच्या कडेला निथळून घ्या आणि काडीचं टोक दोन ठिकाणी नुसतं टेकवा. थेंब पडला तर तो जास्तच. रोल-ऑन असेल तर गोळी एकदाच फिरवायची, ओळ काढत बसायचं नाही. ऑफिससाठी मी दोन ठिकाणांच्या वर सांगत नाही.

कुठं, यावर प्रत्येक दुकानदार मनगट आणि कानामागं असं सांगेल. मनगट मला पटत नाही. दिवसात दहा वेळा हात धुता, टेबलावर घासता, जेवताना तेच मनगट तोंडाजवळ येतं. गळ्याची पुढची बाजूही नको. ती तुमच्याच नाकाखाली असल्यानं नाक लवकर सरावतं, आणि तुमचा हा त्रास तिथूनच सुरू होतो. बनियनच्या आत छातीच्या मधोमध एक बोट आणि मानेच्या मागं, केस संपतात त्याच्या खाली एक. छातीवरचं तेल कपड्याआड राहतं, शर्टाच्या गळ्यातून बेतानं वर येतं. मानेमागचं तुमच्या मागून चालणाऱ्याला मिळतं. संध्याकाळी लग्नाबिग्नाला जायचं असेल तर कोपराच्या आतल्या घडीत लावा, हात हलला की वास हलतो.

लावल्यावर मनगटावर मनगट घासायची सवय असेल तर ती सोडा. घासल्यानं रेणू मोडतात असं लोक सांगतात, तसलं काही होत नाही. कातडी गरम होते आणि तेल पातळ पसरतं, त्यामुळं हिरवा भाग आणखी लवकर जातो इतकंच. तुम्हाला तोच जास्त आवडतो, म्हणून तुम्ही तर अजिबात घासू नका.

अंघोळीनंतर अंग पुसून झाल्यावर लावणं उत्तम. कातडी कोरडी असेल तर आधी तिथं बिनवासाचं व्हॅसलिन अगदी पुसटसं लावा, तेल त्यात धरून राहतं. खोबरेल नको, त्याचा स्वतःचा वास या हिरव्यात मिसळला की स्वयंपाकघर आठवतं. साबणही बघा. चंदनाचा साबण या तेलाच्या लाकडाशी जमतो, लिंबाचा किंवा मोगऱ्याचा जमत नाही.

एक सावधगिरी मात्र गंभीर आहे. हिरव्या अत्तरात वरच्या बाजूला बर्गमॉट किंवा तसल्या लिंबूवर्गीय सालीचं तेल बऱ्याचदा असतं. त्यातल्या काही द्रव्यांवर ऊन पडलं की कातडी भाजल्यासारखी लाल होते आणि पुढं महिनोन्‌महिने काळपट डाग राहतो. एप्रिलमध्ये गाडीवरून हिंडणाऱ्याची मान हे त्याचं हक्काचं ठिकाण. उघड्या कातडीवर लावून उन्हात जायचं नाही, त्या दिवशी मानेमागचं टिंब सोडा. अशा अत्तरांत पडणाऱ्या ओकमॉस नावाच्या शेवाळासारख्या दगडफुलाचं म्हणाल तर त्यातली ॲट्रानॉल आणि क्लोरोॲट्रानॉल ही द्रव्यं ॲलर्जी आणतात, म्हणून युरोपीय संघानं २०१७ मध्ये त्यांच्यावर बंदी घालायचा निर्णय घेतला. तुमच्या बाटलीवर घटकांची यादी नसेल तर कोपराच्या आत टिंब लावून दोन दिवस थांबा. खाज आली, पुरळ उठलं तर ते तेल अंगाला नाही, रुमालाला लावायचं.

आता कोल्हापूरची हवा. शारजाहमध्ये माणूस एसी घरातून एसी गाडीत आणि तिथून एसी दुकानात जातो, त्याच्या अंगावरचं तेल थंड कोरड्या हवेत असतं. आपण उमा टॉकीजच्या सिग्नलला घाम पुसत उभे असतो. तेच तेल, तोच हात, पण वास दुसरा. चैत्र-वैशाखात अंग तापलेलं असतं, सगळा वास एकदम उठतो, हिरवं दहा मिनिटांत संपतं आणि घामात मिसळलेली पाचोळी जुन्या कपाटासारखी लागते. या दिवसांत हे तेल दिवसा लावूच नका. त्याऐवजी वाळ्याचं साधं अत्तर घ्या. वाळाही हिरवा आणि लाकडीच आहे, फक्त अंगावर येत नाही. कनौजला तांब्याच्या देगेतून काढलेला रुह खस, म्हणजे वाळ्याचं निव्वळ तेल, मिळाला तर बघा, त्याला तांब्यामुळं हिरवट झाक असते. माठात वाळ्याची जुडी टाकणाऱ्या घराला तो वास नवा नाही.

चैत्रात जोतिबाच्या यात्रेला गेला असाल तर दवणा हातात घेतलाच असेल. हिरव्या वासाची आपली समज तिथं तयार झालेली असते. दवण्याचं तेलही निघतं, मुख्यतः कर्नाटक आणि आंध्रकडं, आणि ते परदेशी अत्तरांत जातं. आपल्याकडं मात्र कुणी दवण्याचं अत्तर मागत नाही, देवाला वाहिलं की संपलं. मला याचं नेहमी वाईट वाटतं. तुमच्या अरबी तेलाखाली दवण्याचं टिंब देऊन बघा. हिरव्याला जरा गोड, पिकल्या फळासारखी बाजू येते आणि ढोबळी मिरचीचा टोचरेपणा जातो.

या तेलाचे खरे दिवस वळीव पडून गेल्यावर येतात. जून ते सप्टेंबर हवा दमट आणि गार. अशा हवेत वास एकदम उडून जात नाही, माणसाभोवती रेंगाळतो, आणि बाहेर सगळीकडं ओली पानं आणि माती असल्यानं हे तेल उपरं वाटत नाही. पन्हाळ्याला, गगनबावड्याला, दाजीपूरच्या बाजूला जाताना लावून बघा, तेल कुठं संपलं आणि रान कुठं सुरू झालं ते कळणार नाही. एकच अडचण, कपडे धड वाळत नाहीत. कुबट शर्टावर लाकडी तेल लावलं तर कुबटपणा झाकत नाही, उलट त्याला जोर चढतो. शर्टाला इस्त्री करून, पूर्ण कोरडा करून मगच घाला, आणि तेल अंगालाच लावा.

थंडीत सकाळी कातडी गार आणि कोरडी असते, वास उठतच नाही. तेव्हा दोनाच्या जागी तीन टिंबं चालतील, व्हॅसलिन मात्र हवंच. थंडीला आमच्याकडचे जुने गिऱ्हाईक हिना आणि शमामा मागतात. ते गरम मसाल्याच्या अंगाचे वास आहेत आणि त्या हवेत ते हिरव्यापेक्षा सरस ठरतात, हे मी हिरव्याचा शौकीन असूनही सांगतो.

तांबडा-पांढरा खायला जाताना कुठलंच लाकडी तेल नको. रश्शाच्या वाफेपुढं ऊद काय करणार? आणि तुमचं तेल शेजारच्या ताटात उतरतं ते वेगळंच. दवाखान्यात, केएमटी बसच्या गर्दीत, परीक्षेच्या हॉलमध्येही नको. ऑफिसात बंद खोली आणि एसी असेल तर घरून निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी लावा. हिरव्याचा तिखटपणा तुमच्या घरीच, तुमच्यासाठी संपतो आणि ऑफिसात फक्त मऊ लाकूड पोचतं. मॅडमना बहुधा तेवढं सोसेल. नाही सोसलं तर ऑफिसच्या दिवशी बंद.

कॉलरच्या डागाचं सांगतो. पाचोळी, वाळा, ऊद या तेलांना मूळचाच पिवळा-तपकिरी रंग असतो, त्यामुळं डाग पडला म्हणजे भेसळ असं नाही. त्या डागावर इस्त्री फिरवू नका, उष्णतेनं तो पक्का बसतो. आधी टाल्कम पावडर किंवा बेसन दाबून तासभर ठेवा, झटका, मग भांड्याच्या लिक्विडचा थेंब चोळून कोमट पाण्यानं धुवा. जुना डाग असेल तर धुण्याआधी कापसानं स्पिरिट टिपा. सुती पांढऱ्याला हे चालतं, रेशमाला अजिबात नाही. फेट्याला, पैठणीला तेल लागूच द्यायचं नाही, मोत्यालाही नाही. कपड्यावर वास हवाच असेल तर जुनी रीत चांगली आहे: कापसाच्या फायाला तेल लावून तो कानाच्या वरच्या घडीत ठेवायचा, नाहीतर खिशात. कातडीला उन्हाचा त्रास नाही, शर्टाला डाग नाही, आणि नको वाटला की फाया काढून टाकता येतो. कानात फाया ठेवणाऱ्या म्हाताऱ्यांना पोरं हसतात, पण तुमच्या तिन्ही तक्रारींवर उत्तर त्यांच्या कानात आहे.

राहिली भेसळ. आमच्या धंद्यात प्रयोगशाळेतल्या मिश्रणाला कंपाउंड म्हणतात, आणि तुमच्या बाटलीत बहुतेक कंपाउंड आहेच. ती फसवणूक नव्हे. कापलेल्या गवताचा असा टिकाऊ, स्वच्छ वास त्याशिवाय येत नाही. फसवणूक होते ती अस्सल ऊद म्हणून पैसे घेतले तर. ऊद हे अगराच्या झाडाचं लाकूड. झाडाला जखम होऊन बुरशी शिरली की ते आपल्या बचावाला राळ भरतं, आणि त्या काळ्या, राळेनं भरलेल्या लाकडालाच वास असतो. निरोगी अगराला तो नसतो. आपल्याकडं आसामातलं होजाई हे त्याच्या व्यापाराचं गाव. अगराच्या मुख्य जातीचा व्यापार १९९५ पासून साइटिस या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियंत्रणाखाली आहे आणि २००४ च्या कराराच्या बँकॉक बैठकीत अगराच्या बाकीच्या जातीही त्यात आल्या. एवढ्या दुर्मीळ मालाचं शुद्ध तेल भेट म्हणून सहज मिळणाऱ्या बाटलीत भरलेलं नसतं. दाजींनी प्रेमानं आणलंय, त्यांना किंमत विचारू नका.

घरगुती परीक्षा लोक करतात. कागदावर टिंब ठेवून तेलकट डाग राहतो का बघतात. चंदन, वाळा, ऊद यांचाही डाग बराच काळ राहतो, त्यामुळं त्यावरून काही ठरत नाही. काडी पेटवून बघणं तर सोडाच. त्यातल्या त्यात एक गोष्ट खरी: पातळ करायला डायइथाइल थॅलेट भरपूर घातलं असेल तर ते पाण्यापेक्षा जड असतं, थेंब तळाला जातो. चंदनाचं तेल पाण्यावर तरंगतं. पण वाळ्याचं तेल वजनाला पाण्याच्या जवळपास असतं, ते वर राहील नाहीतर खाली जाईल, म्हणून तुमच्या तेलाला हीसुद्धा परीक्षा लागू नाही. माझी परीक्षा साधी आहे. कागदाच्या पट्टीला लावून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी हुंगायचं. लाकूड, मूळ, माती असं काही ओळखू आलं तर तेल वापरण्यासारखं आहे. नुसता गोड, साबणासारखा वास उरला असेल तर हात राखून वापरा आणि पुढच्या वेळी दाजींना दुसरं दुकान सुचवा.

चंदनाचं अत्तर घरात असेल तर तेही वापरा. छातीवर आधी चंदन, ते मुरायला दहा मिनिटं, मग त्याच्या शेजारी हिरव्याचं एक टिंब, वर नव्हे. चंदन त्याची धार कमी करतं आणि लाकूड जास्त वेळ धरतं. गुलाबाशी मात्र जोडी लावू नका, गालबानम आणि स्वस्त गुलाब एकत्र आले की औषधाच्या दुकानाचा वास येतो.

बाटली बाथरूममध्ये आणि गाडीच्या डिकीत ठेवू नका. ऊन आणि उष्णता लागली की आधी हिरवा भागच बिघडतो. रोल-ऑन असेल तर गोळीवरून अंगाचा घाम आणि मळ आत जातो, म्हणून अर्धं तेल ड्रॉपरनं ३ मिलीच्या काचेच्या कुपीत काढून अंधाऱ्या कपाटात ठेवा. प्लॅस्टिकची कुपी नको, ही तेलं प्लॅस्टिक मऊ करतात. कुपी कोरडी करून भरा, बूच घट्ट लावा आणि आता उन्हाळा चालू असेल तर ती जूनमध्येच काढा.